बियाणेवाले बारवाले आणि जालन्याचं नेत्रालय

भेंडीच्या पिकावर केवडा आला की शेतकऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. पांढरी माशी या रोगाचा विषाणू झाडाझाडावर नेते. आधी पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळं पान पिवळं पडतं आणि जी भेंडी लागते ती पांढुरकी, निबर, बाजारात कुणी भाव न विचारणारी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. हरभजन सिंग यांनी या रोगापुढे टिकणारं एक वाण तयार केलं. त्याचं नाव पुसा सावनी. वाण गुणी होतं, पण ते दिल्लीत होतं. मराठवाड्यातल्या मळ्यापर्यंत ते पोचवायचं कुणी, हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडलेला नव्हता. संशोधन केंद्रात पसाभर बी तयार व्हायचं, सरकारी फार्मवर त्याचं थोडं वाढायचं आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथंच थांबायची.

जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे बियाणं आणलं, स्वतःच्या शेतात लावलं आणि भेंडी बाजारात नेण्याऐवजी ती झाडावरच वाळू देऊन बी धरलं. भाजी विकली असती तर एका हंगामाचे पैसे मिळाले असते. बी धरल्यामुळे त्यांच्या हाती एक धंदाच आला. १९६४ साली त्यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी सुरू केली. शेतकरी तिला ‘महिको’ म्हणूनच ओळखतात.

बारवाल्यांचा जन्म १९३१ चा, हिंगोलीचा. वाढले, शिकले ते जालन्यात. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. विद्यार्थिदशेतच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले आणि त्यांनी तुरुंगही पाहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण इथल्या बाजारपेठेबद्दल जुनी आहे. व्यापार गावाच्या रक्तात होता. पण धान्याचा, कापसाचा, सरकीचा व्यापार वेगळा आणि बियाण्याचा वेगळा. तो फरक नीट समजला तर हा माणूस पुढं काय करत गेला, हेही समजतं.

ज्वारीचं पोतं विकत घेताना गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेतं, दाताखाली धरून पाहतं, किडकं आहे की ओलसर हे जागच्या जागी कळतं. बियाण्याच्या पिशवीत हात घालून काही कळत नाही. भेसळीचा दाणा आणि अस्सल दाणा दिसायला सारखाच असतो. कळतं ते तीन-चार महिन्यांनी, शेत उभं राहिल्यावर, आणि तोवर पाऊस, खत, मजुरी, वर्षाची कमाई सगळं त्यात गेलेलं असतं. उगवण तेवढी घरी तपासता येते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्यानं किती मोड आले ते मोजायचं. पण उगवलेलं रोप नेमकं कोणत्या वाणाचं, हे गोणपाट सांगत नाही. म्हणून बियाणं विकणारा माणूस खरं तर स्वतःचा शब्द विकत असतो. बारवाल्यांच्या कर्तबगारीचं मर्म मला यात दिसतं. त्यांनी वाण शोधलं नाही, ते शास्त्रज्ञ नव्हते. शास्त्रज्ञाच्या पसाभर बियांची लाखो पाकिटं करायची आणि प्रत्येक पाकिटात तेच निघेल याची हमी द्यायची, ही न दिसणारी कारागिरी त्यांनी उभी केली.

ही कारागिरी शेतात कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. संकरित ज्वारीचं उदाहरण घेऊ. सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ सालचाच. ज्वारीच्या एकाच कणसात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, त्यामुळे ती स्वतःच स्वतःला फळवते. दोन वाणांचा संकर करायचा तर एकाचे परागकण बाद करायला हवेत, आणि ज्वारीचं फूल इतकं बारीक की हातानं ते काम शेतभर करणं अशक्य. यावर उपाय निसर्गानंच दिला होता. ज्वारीत अशी काही झाडं असतात की ज्यांच्या फुलांत जिवंत परागकण तयारच होत नाहीत. ती झाली मादी. बीजोत्पादनाच्या शेतात चार ओळी मादीच्या, दोन ओळी नराच्या अशी पेरणी करतात. वारा नराचे परागकण मादीवर नेतो. मादीच्या कणसात जे दाणे भरतात ते संकरित बियाणं. नराच्या ओळी आधीच वेगळ्या कापून न्यायच्या, त्यांचा दाणा यात मिसळला की सगळ्यावर पाणी.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नर आणि मादी एकाच वेळी फुलोऱ्यात यावे लागतात. एक आठ दिवस पुढं-मागं झाला की कणसं पोचट राहतात. म्हणून काही वेळा दोघांची पेरणी वेगवेगळ्या तारखांना करावी लागते. आजूबाजूला दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको, कारण वाऱ्याला बांध कळत नाही. म्हणजे शेजाऱ्यालाही समजावून सांगायचं. मग फुलोऱ्याच्या आधीपासून ओळीओळीतून फिरून वेगळं दिसणारं प्रत्येक झाड उपटायचं. शेतकरी याला भेसळ काढणं म्हणतात. चांगलं जोमदार वाढलेलं झाड केवळ ‘आपलं नाही’ म्हणून उपटून टाकायला शेतकऱ्याचा हात सहजी धजत नाही. कंपनीचा माणूस बांधावर उभा राहून ते करून घेतो.

कापसात आणि भेंडीत काम आणखी किचकट. तिथं संध्याकाळच्या आधी बाया ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी बोटांनी चाचपून ओळखायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्यांसकट पुंकेसर अलगद सोलून काढायचे, मधली स्त्रीकेसराची काडी मोडता कामा नये, आणि खूण म्हणून तिथं कागदाचा तुकडा किंवा दोरा अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं उमललेलं फूल हातात घेऊन त्याची पूड त्या काडीवर फिरवायची. एकेका बोंडासाठी दोनदा हात लागतो. जालना आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगावराजा, सिंदखेडराजा पट्ट्यात आज शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन याच हातांवर चालतं. देशभरातल्या परसात उगवणाऱ्या कितीतरी भाज्यांच्या मुळाशी या बायांची नखं आहेत. पाकिटावर मात्र चित्र टोमॅटोचंच असतं.

बारवाल्यांनी हे सगळं स्वतःच्या जमिनीवर करण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांशी करार केले. नर-मादीचं मूळ बियाणं कंपनी देणार, देखरेख कंपनीची, आणि तयार झालेलं बी ठरलेल्या भावानं कंपनीच घेणार. कोरडवाहू मुलखात, जिथं बाजारभाव हा जुगार, तिथं आधीच ठरलेला भाव ही नवलाची गोष्ट होती. सरकारनं १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम काढलं होतं, १९६६ साली बियाणे कायदा आला. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग, पायाभूत बियाण्याला पांढरा, पैदासकार बियाण्याला पिवळा, ही रंगांची व्यवस्था त्यातूनच रुळली. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं मक्याचं संकरित संशोधन देशात सुरू झालेलं होतं आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक संकरित ज्वारीमागे हात धुऊन लागले होते. म्हणजे वाट तयार होत होती. त्या वाटेवर खाजगी कंपनी घेऊन उतरण्याचं धाडस मात्र त्या काळात विरळा होतं, कारण बियाणं हे सरकारनंच पुरवायचं अशी सार्वत्रिक समजूत होती.

हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला चव नाही, ही तक्रार मराठवाड्यात घरोघरी झाली आणि ती खोटीही नव्हती. पण १९७२ च्या दुष्काळानंतर पोटाचा प्रश्न चवीच्या आधी आला. पुढं ज्वारीबरोबर बाजरी, सूर्यफूल, कापूस अशी महिकोची यादी वाढत गेली. जालन्यात एकापाठोपाठ एक बियाणे कंपन्या निघाल्या, त्यातल्या अनेकांचे चालक-तंत्रज्ञ याच वातावरणात घडलेले. आज पोलादाच्या सळया आणि बियाणं या दोन गोष्टींनी जालना ओळखलं जातं.

१९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. नॉर्मन बोरलॉग यांनी सुरू केलेला हा पुरस्कार त्याआधी एम. एस. स्वामीनाथन, वर्गीस कुरियन आणि गुरुदेव खूश या भारतीयांना मिळाला होता. २००१ मध्ये पद्मभूषण आलं.

इथवरची गोष्ट सरळ आहे. पुढची नाही. १९९८ मध्येच अमेरिकेच्या मोन्सॅन्टोनं महिकोत २६ टक्के भाग घेतला आणि दोघांची मिळून एक कंपनी निघाली. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीनं महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना लागवडीची परवानगी दिली. देशातलं हे पहिलं जनुकबदल केलेलं पीक. बोंडअळी मारणारं प्रथिन झाडातच तयार होत असल्यानं सुरुवातीला फवारण्या घटल्या आणि दहा वर्षांत देशातल्या कापसाचं नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेलं. पण ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे-अठराशे रुपये मोजताना शेतकऱ्याचे डोळे पांढरे झाले, आणि २००६ मध्ये आंध्र प्रदेशानं भाव साडेसातशेवर आणायला लावला. २०१० मध्ये महिकोच्याच बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. २०१२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महिकोच्या बीटी कापूस बियाण्याच्या विक्रीवर बंदी घातली. गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात तिनं राज्यभर कापूस पोखरला.

बीटीवरून बारवाल्यांना खलनायक ठरवणारे आहेत आणि सगळा दोष अळीवर ढकलणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. भेंडीच्या काळात गुण पाकिटातल्या दाण्यात होता आणि जालन्याचा माणूस त्याचा जामीन होता. बीटीच्या काळात गुण एका परदेशी जनुकात आला, त्याची स्वामित्व रक्कम पाकिटाच्या किमतीत शिरली, आणि जामीन कोण हे शेतकऱ्याला कळेनासं झालं. शब्दावर उभा राहिलेला धंदा कराराच्या कागदावर गेला, की त्याच्यावरची माया पातळ होते. हे एका माणसाचं नव्हे, त्या सबंध उद्योगाचं झालं.

बियाण्याच्या धंद्यातून आलेल्या पैशातून बारवाल्यांनी गावात काय केलं? शाळा काढली; गोल्डन ज्युबिली स्कूल जालन्यात सर्वांना माहीत आहे. पण त्यांचं सर्वांत मोठं काम माझ्या मते देऊळगावराजा रस्त्यावरचं श्री गणपती नेत्रालय. मराठवाड्यातून आणि लगतच्या विदर्भातून डोळ्यांचे रुग्ण तिथं येतात. ऐपत असलेला पैसे देतो, नसलेल्यावर शिबिरांतून आणून मोफत किंवा अल्प खर्चात शस्त्रक्रिया होते.

अशा रुग्णालयाचं मोल कळायला आधी मोतीबिंदूची जुनी शस्त्रक्रिया आठवायला हवी. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयानुसार गढूळ होतं, तो मोतीबिंदू. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ते गढूळ भिंग सबंध काढून टाकत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. भिंगाचं काम मग नाकावरच्या जाडजूड चष्म्यानं करायचं. नंबर अधिक दहाच्या आसपास. त्या चष्म्यातून सगळं चतुर्थांशानं मोठं दिसे. पायरी जवळ वाटे, पाऊल चुके, कडेचं काही दिसतच नसे. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असली तर दोन डोळ्यांतली दोन चित्रं एकमेकांशी जुळत नसत. आणि गावात चष्मा फुटला, तर दुसरा येईपर्यंत माणूस पुन्हा आंधळा. सुट्टीत शाळेच्या वर्गांत शिबिरं भरायची, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं सतरंजीवर निजलेले असायचे. त्यांतल्या कित्येकांना नजर आली, पण ती चष्म्याच्या दोरीला बांधलेली.

डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवायची कल्पना लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या काचेचे म्हणजे ॲक्रिलिकचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. ते तिथं वर्षानुवर्षं राहिले तरी डोळा सुजत नाही, हे रिडलींच्या लक्षात आलं. त्याच पदार्थाचं भिंग करून त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. समव्यावसायिकांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि ही पद्धत सर्वत्र रुळायला पुढची तीसेक वर्षं गेली. रुळली तेव्हा परदेशी भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती. भारतातल्या धर्मादाय रुग्णालयांना ते परवडणं शक्यच नव्हतं.

ही कोंडी मदुराईत फुटली. तिथल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरुवात केली होती. १९९२ मध्ये त्यांच्या संस्थेनं ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात भिंग तयार केलं. पुढं किंमत आणखी उतरली. हीच भिंगं आज शंभरावर देशांत जातात. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदू निवारणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. छोट्या छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया आली. कुशल हाताला ती दहा-पंधरा मिनिटांत जमते. शाळेतली शिबिरं मागं पडली. गावात आता फक्त तपासणी होते आणि रुग्णाला गाडीत घालून पक्क्या शस्त्रक्रियागृहात आणतात. ती सोय मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगर-मुंबईला न जाता मिळणं, हे जालन्याच्या नेत्रालयाचं महत्त्व.

कृत्रिम भिंगाची ती सहा मिलिमीटर व्यासाची चकती आणि भेंडीचं बी यांत मला एक नातं दिसतं. दोन्ही चिमटीत मावणाऱ्या वस्तू. दोन्हींची पारख विकत घेणाऱ्याला करता येत नाही. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून प्रत्येक डोळ्यासाठी भिंगाचा वेगळा नंबर काढावा लागतो, एक डायॉप्टर इकडं-तिकडं झालं की चष्म्याशिवाय अंधुक. म्हणून बियाण्याला जसा १९६६ चा कायदा, तसंच डोळ्यातलं भिंगही २००५ मध्ये औषधांच्या कायद्याखाली आलं. ज्यानं उभं आयुष्य पारख न करता येणाऱ्या वस्तूची हमी देण्यात घालवलं, त्यानं दानासाठी हेच क्षेत्र निवडलं, हे ठरवून झालं असेल असं मी म्हणणार नाही. पण त्याला सवयीचं शिस्तीचं काम हेच होतं. एकदा देणगी देऊन कोनशिला बसवणं सोपं. रोज निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, रोज तीच अचूकता, हे चालवायला कारखानदाराचा पिंड लागतो.

२४ जुलै २०१७ रोजी मुंबईत बारवाले गेले. कंपनीची धुरा त्याआधीच मुलगा राजेंद्र यांच्याकडे आली होती, संशोधन मुलगी उषा बारवाले झेर पाहत होत्या.

मोतीबिंदूचं काम मात्र संपलेलं नाही. २०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळेच असल्याचं आढळलं. बरा होणारा आजार, दहा-पंधरा मिनिटांची शस्त्रक्रिया, आणि तरीही हा आकडा. यात एक वाटा ‘अजून पिकला नाही, पिकू द्या’ या समजुतीचा आहे. सबंध भिंग ओढून काढायच्या काळात त्या सल्ल्याला अर्थ होता, आता नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो आणि डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. तेव्हा घरातली आई दिव्याभोवती वलय दिसतं म्हणाली, किंवा सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारू लागली, तर पेरणी-कापणीची सबब न सांगता तिला तपासून आणा. आणि शस्त्रक्रिया झाली की भिंगाच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, नंबर आणि अनुक्रमांक असतो. बियाण्याची पावती, टॅग आणि मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा असं शेतकऱ्याला सांगतात. हे स्टिकर जन्मभर जपून ठेवायचं.